साठवणीचे पाणी, डास आणि तापाची साथ



भाद्रपद-आश्विनात आपल्या तुळजापूर भागात सोयाबीन काढणीला येते, द्राक्षबागांत छाटणीची घाई सुरू होते आणि रब्बी ज्वारीसाठी रान तयार करावयाचे असते. नेमक्या याच दिवसांत गावोगाव तापाचे रुग्ण दिसू लागतात. घरातील दोन माणसे एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळली, तर काढलेले सोयाबीन रानात भिजते आणि मजूर मिळेनासा होतो. चिकुनगुन्याचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो. परंतु सांधे काही आठवडे, कित्येकांचे काही महिने धरून राहतात. अशा माणसाला सकाळी विळा मुठीत धरता येत नाही. म्हणून हा विषय केवळ दवाखान्याचा न मानता शेतीच्या नियोजनाचाही मानावा, असे मला वाटते.

शेतकरी मेळाव्यात या विषयावर बोलणे निघाले, की बहुतेकांचा रोख गटारी, उकिरडा आणि पावसाची डबकी यांच्याकडे असतो. डबकी बुजवावीत, गटारी वाहत्या ठेवाव्यात, याबद्दल दुमत नाही. पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणारा एडीस इजिप्ती हा डास गटारीत फारसा वाढत नाही. त्याला आपण पिण्यासाठी आणि वापरण्यासाठी साठविलेले स्वच्छ, स्थिर पाणी लागते. म्हणजे आपल्यासारख्या पाणीटंचाईच्या भागात त्याची पैदास आपल्याच न्हाणीत, ओसरीत आणि गोठ्यात होते.

बार्शीची साथ

चिकुनगुन्या हा रोग आपल्या भागाला नवा नाही. १९५२-५३ मध्ये आफ्रिकेतील टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियात, तो प्रथम ओळखला गेला. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेतील हा शब्द सांध्यांच्या वेदनेने माणूस वाकून जातो या अर्थाचा आहे. कोंबडीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांवर बर्ड फ्लू आला आणि त्याच वर्षी माणसांत ही साथ पसरली. त्यामुळे अनेकांनी नावातील ‘चिकन’ ऐकून कोंबडी खाणे सोडले, आणि डास मात्र रांजणात तसाच वाढत राहिला.

भारतात १९६३ मध्ये कलकत्त्याला, १९६४ मध्ये मद्रासला आणि १९६५ मध्ये नागपूरला या रोगाच्या साथी आल्या. त्यानंतर १९७३ मध्ये आपल्या शेजारच्या, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथ आली. तिच्या पाहणीत शेकडा ३७.५ लोकांना बाधा झाल्याचे आढळले. म्हणजे दर आठ माणसांमागे तीन माणसे आजारी. आदल्याच वर्षी ७२ चा दुष्काळ पडला होता, हे आपल्याकडील जुन्या माणसांना सांगावयास नको.

बार्शीनंतर देशात तीस वर्षांहून अधिक काळ या रोगाची मोठी साथ आली नाही. रोग संपला, अशी समजूत झाली. २००५ च्या अखेरीस तो आंध्र प्रदेशात आणि आपल्या सीमेला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यात पुन्हा उठला आणि २००६ मध्ये मराठवाड्यासह महाराष्ट्रभर पसरला. ऑक्टोबर २००६ पर्यंत देशातील ८ राज्यांच्या १५१ जिल्ह्यांतून साडेबारा लाखांवर संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी साडेसात लाखांवर एकट्या कर्नाटकातील आणि अडीच लाखांवर महाराष्ट्रातील होते. काही भागांत शंभरातील ४५ लोकांपर्यंत बाधा पोहोचली.

एवढा जोर का आला? याची दोन कारणे लक्षात घेण्यासारखी आहेत. एकदा चिकुनगुन्या झालेल्या माणसाच्या शरीरात त्याविरुद्ध दीर्घकाळ, बहुधा जन्मभर टिकणारी प्रतिकारशक्ती येते. परंतु १९७३ नंतर जन्मलेल्या पिढीला हा विषाणू भेटलाच नव्हता. एखादी रोगाला बळी पडणारी जात सलग शेकडो एकरांवर पेरावी, तशी सगळी तरुण लोकसंख्या त्याला मोकळी मिळाली. दुसरे कारण विषाणूच्या वाणाचे. १९६३ चा कलकत्त्याचा आणि १९७३ चा बार्शीचा विषाणू आशियाई वाणाचा होता. २००५-०६ चा आफ्रिकी वाणाचा निघाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जुने नमुने तपासले, तेव्हा पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली पकडलेल्या एडीस डासांतही हाच आफ्रिकी वाण सापडला. म्हणजे साथ भडकण्यापूर्वी पाच वर्षे तो आपल्या राज्यात येऊन बसलेला होता.

डेंग्यूची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची बाधा होऊन गेली, तरी उरलेल्या तीन प्रकारांपासून कायमचे संरक्षण मिळत नाही. उलट दुसऱ्या वेळी झालेला डेंग्यू अधिक गंभीर होण्याचा धोका असतो. ‘मला एकदा होऊन गेला आहे’ असे म्हणून डेंग्यूच्या बाबतीत निर्धास्त राहू नये. हाच डास झिका हा तिसरा रोगही पसरवितो. राज्यातील त्याचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावात आढळला, शहरात नव्हे.

डासाची ओळख आणि त्याचा हंगाम

एडीस डास लहान, काळा असून त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो. सकाळी उन्हे वर येताना आणि दुपारनंतर दिवस मावळेपर्यंत त्याचा जोर अधिक. रात्री मच्छरदाणी लावून झोपणाऱ्या घरातही डेंग्यू होतो, तो यामुळे. घरात तो खुंटीवरच्या कपड्यांत, बाजेखाली, कोनाड्यात बसून राहतो आणि आयुष्यभरात जन्मठिकाणापासून साधारण शे-दोनशे मीटरपलीकडे फारसा जात नाही.

मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती पाण्यावर न घालता पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला एकेक चिकटवते. ही अंडी पाणी आटले तरी मरत नाहीत. कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तशीच राहतात आणि पाण्याची पातळी चढून त्यांना भिजविताच उबतात. तणाचे बी उन्हाळाभर रानात पडून राहावे आणि पहिल्या पावसात उगवावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून बॅरल नुसता उपडा करून भागत नाही; आतील भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासलीच पाहिजे. उबदार दिवसांत अंडे, अळी, कोष आणि डास हा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो.

आता आपल्याकडील पाण्याच्या पाळीचा विचार करा. ज्या गावात नळाला किंवा टँकरला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, तेथे ते साठवून बरोबर एवढेच दिवस ठेवावे लागते. डासाला एक पिढी काढावयास जेवढा अवधी हवा, तेवढाच आपण देतो. पुढच्या पाळीला शिल्लक पाणी काढून न टाकता त्यावरच नवे भरतो, त्यामुळे कडेची अंडी भिजतात आणि दुसरी पिढी सुरू होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवण्याखेरीज लोकांपुढे दुसरा इलाज नसतो. दुष्काळात डास कमी होतील हा समज या जातीच्या बाबतीत खरा नाही.

पूर्वी पिण्याचे पाणी तांब्या-पितळेच्या घागरी-हंड्यांत भरले जाई आणि ती भांडी चिंच-राखेने रोज घासली जात. दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा बॅरल कोणी रोज घासत नाही. सोय वाढली आणि घासणे सुटले. माझ्या मते आपल्या गावांत हा डास स्थिरावण्याचे हे एक मोठे कारण आहे.

घराबाहेर, रानातही अशा जागा पुष्कळ असतात. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकून ती उडू नये म्हणून जुने टायर ठेवतात. ताडपत्रीच्या घडीत आणि टायरच्या आत पावसाचे पाणी साचते. टायरमधील पाणी उलथे केले तरी सहज निघत नाही, त्यामुळे टायरला खालून दोन-तीन ठिकाणी भोके पाडावीत किंवा त्याऐवजी मातीने भरलेली पोती वापरावीत. द्राक्षबागेत फवारणीच्या पाण्यासाठी ठेवलेले ड्रम छाटणीच्या आधी कित्येक आठवडे अर्धे भरलेले उभे असतात. जनावरांचा हौद, कोंबड्यांचे पाण्याचे भांडे, कूलर, फ्रिजच्या मागील ताटली, नारळाच्या करवंट्या या जागाही पाहाव्यात. अळ्या वळवळतात आणि भांड्याला हात लावताच झपकन खाली जातात. भर दुपारी बॅटरीचा झोत टाकला, तर अंधाऱ्या रांजणातही त्या स्पष्ट दिसतात.

विहिरी, पाटाच्या कडेचे पाझर आणि ओढ्यातील साचलेल्या पाण्यात हिवतापाचा अॅनॉफिलीस डास वाढतो. तो रात्री चावतो. गटारीत आणि शौचालयाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स हत्तीरोग पसरवितो. टाकीच्या वायुनळीला जाळी बांधली, की त्याचा बराच बंदोबस्त होतो. या दोघांचा विचार येथे विस्ताराने करीत नाही.

साथ कोण घेऊन येते?

डास जर शे-दोनशे मीटरच जातो, तर साथ एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कशी पोहोचते? तिला माणूस नेतो. मूग आणि सोयाबीनवरील पिवळा मोझॅक आपण पाहता. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते, विषाणू तिच्या अंगात जातो आणि मग ती निरोगी झाडांना तो देत फिरते. पांढरी माशी कितीही असली, पण शिवारात रोगट झाड एकही नसले, तर मोझॅक पसरत नाही. येथेही तसेच आहे. फरक एवढाच, की रोगट झाड जागचे हलत नाही आणि तापाचा माणूस एस. टी. ने गावी येतो.

रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप येण्याच्या थोडे आधीपासून पहिले पाच-सात दिवस असतो. त्या काळात त्याला चावलेल्या मादीच्या अंगात विषाणू वाढावयास डेंग्यूच्या बाबतीत साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर ती जिवंत असेपर्यंत चावेल त्याला रोग देऊ शकते. ज्याला चावली, त्याला ४ ते १० दिवसांनी ताप येतो. म्हणजे पुण्याहून ताप घेऊन आलेला मुलगा आणि त्याच्यामुळे गावात पडलेले पुढचे रुग्ण, यांत सुमारे दोन ते तीन आठवड्यांचे अंतर पडते. तोपर्यंत मुलगा बरा होऊन परत गेलेला असतो आणि त्याचा ताप कोणाच्या ध्यानातही राहत नाही. हिशेबापुरते एका रुग्णामुळे पाच जण आजारी पडतात असे धरले, तर पहिल्या फेरीत ५, दुसरीत २५ आणि तिसरीत १२५ होतात. आपल्याला साथ दिसते ती तिसऱ्या फेरीत. पण ती मोडावयाची असते पहिल्या फेरीत. चिकुनगुन्याचा विषाणू डासात याहून लवकर, काही दिवसांतच तयार होतो; म्हणून त्याची साथ अधिक वेगाने चढते.

आपल्या भागात माणसांची ये-जा मोठी आहे. नवरात्रात आणि कोजागिरीला आई तुळजाभवानीच्या दर्शनाला महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून लाखो भाविक येतात, त्यांतील हजारो पायी. पावसाळा संपताना एडीस डासांची संख्या भरात असते, तेव्हाच ही यात्रा असते. पुढे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परत येतात. यात्रा बंद पडणार नाही, पोटासाठीचे जाणे-येणेही थांबणार नाही, थांबवूही नये. आलेल्या विषाणूला गावात डास मिळू नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

पाणी न सांडता बंदोबस्त

आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असा ‘कोरडा दिवस’ आरोग्य खाते सांगते. सल्ला शास्त्रीय आहे. पण घोटभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या भगिनीला भरलेला बॅरल ओतून द्या असे सांगणे मला पटत नाही, आणि ती ते करणारही नाही. तिने पुढीलप्रमाणे करावे.

पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी, भांड्यात पाणी तळाला गेलेले असताना, उरलेले पाणी सुती कापडाच्या दुहेरी घडीतून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे. अळ्या आणि कोष कापडावर राहतात. ते कापड व तळाचा गाळ गटारीत न टाकता कोरड्या मातीवर, उन्हात झटकावा. तेथे अळ्या काही वेळातच मरतात. भांड्याची आतील बाजू, विशेषतः पाण्याची पातळी राहते तेवढा पट्टा, खरवडून घासावा. मग पाणी भरून तोंडावर जुन्या धोतराचे किंवा साडीचे कापड दुहेरी करून ताणून बांधावे. बांधण्यास सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी उत्तम. तिने फट राहत नाही. नुसते पत्र्याचे झाकण ठेवल्यास कडेने बोटभर फट राहते आणि मादीला तेवढी पुरते. गाळलेले पाणी प्यावयाचे असल्यास नेहमीप्रमाणे उकळून किंवा जंतुनाशक टाकून घ्यावे. पाळी आठ दिवसांपेक्षा लांबली, तर मध्ये एकदा पाणी गाळून घ्यावे.

घटस्थापनेपूर्वी अंथरूण-पांघरूण आणि घरातील भांडी धुण्याची आपल्याकडे रीत आहेच. त्याच दिवशी बॅरल, रांजण आणि माळवदावरची टाकीही घासून घेतली, तर ऐन साथीच्या दिवसांत डासाची एक पिढी मारली जाते. मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा करावे लागेल.

जे हौद, विहिरी आणि शेततळी रिकामी करता येत नाहीत, त्यांत गप्पी मासे सोडावेत. हे मासे प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपलब्ध होतात. ते आणताना आणि सोडताना पाण्याच्या तापमानात एकदम फरक पडू देऊ नये. पिशवी काही वेळ हौदातच तरंगत ठेवावी. शेततळ्यात काठाचे गवत व शेवाळ काढावे, नाही तर अळ्या त्यात लपतात आणि मासे पोहोचत नाहीत. गप्पी हा मुळचा दक्षिण अमेरिकेतील मासा आहे. तो नदी-ओढ्यात सोडू नये, आपल्या देशी माशांना त्याचा त्रास होतो. फवारणीच्या ड्रममध्ये मासे जगत नाहीत, तेथे घट्ट झाकणच हवे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेतातील उरलेले कीटकनाशक ‘थोडेसे’ हौदात किंवा टाकीत टाकून अळ्या मारण्याचा प्रयत्न कोणीही, कोणत्याही प्रमाणात करू नये. ते पाणी माणसे आणि जनावरे पितात. आरोग्य कर्मचारी टेमिफॉस हे औषध ठरावीक, अत्यल्प मात्रेत साठवणीच्या पाण्यात टाकतात. ते त्यांनाच टाकू द्यावे. तसेच बोंडअळी किंवा घाटेअळीसाठी मिळणारी बीटीची भुकटी डासांच्या अळ्यांवर उपयोगी नाही. डासांसाठी त्याच जिवाणूचा वेगळा उपप्रकार वापरतात. वापरात नसलेल्या डबक्यावर जळके ऑइल टाकता येते. पण तो ओघळ विहिरीकडे जाणार नाही, हे पाहावे.

धूर फवारणीची मागणी ग्रामसभेत हमखास होते. धूर दिसतो, वास येतो, काहीतरी झाल्याचे समाधान मिळते. परंतु धुराने त्या वेळी हवेत असलेले डास मरतात. खोलीत कपड्यांआड बसलेला एडीस, दारे बंद असल्यास, तसाच राहतो आणि रांजणातील अळीला तर धुराचा पत्ताही नसतो. साथ सुरू झाल्यावर रुग्णाच्या घराभोवती धूर द्यावा, त्या वेळी दारे-खिडक्या उघड्या आणि अन्न-पाणी झाकलेले असावे. एरवी तेवढ्या डिझेलच्या पैशांत गावातील सर्व बॅरलना कापड आणि पट्ट्या येतील.

घरात ताप आल्यास

पिवळ्या मोझॅकचे पहिले झाड दिसताच आपण ते उपटून टाकतो. माणसाच्या बाबतीत त्याच तत्त्वाने तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. ही गोष्ट फार थोड्या घरांत होते. रुग्णाला त्रास देऊन गेलेला डास बारा दिवसांनी कोणाला चावणार आहे, तर त्याच घरातील मुलांना आणि म्हाताऱ्यांना.

रक्त तपासून घ्यावे. हिवताप निघाल्यास त्यावर खात्रीची औषधे आहेत. त्यांचा क्रम, कित्येकदा १४ दिवसांचा, ताप उतरला तरी पुरा करावा. डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या विषाणूवर मात्र नेमके औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पेज, ताक आणि तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, एवढाच उपचार असतो. सलाईन लावले म्हणजे ताप लवकर जातो, ही समजूत चुकीची आहे. अंगदुखीसाठी दुकानातून अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ जोखमीचा. पोटात सतत जोराने दुखणे, थांबत न येणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, रुग्ण सुस्त होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रात्र असली तरी थांबू नये, तुळजापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

एका गल्लीत किंवा वस्तीवर आठवड्यात दोन-तीन घरी ताप आल्याचे कळले, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगावे. बाहेरगावाहून कोणी ताप घेऊन आले असल्यास तेही सांगावे. वस्ती गावापासून दूर, रानात असली, तर आरोग्य कर्मचारी आपणहून तेथवर पोहोचतीलच असे नाही. निरोप आपणच पाठवावा आणि त्याच संध्याकाळी बॅटरी घेऊन आपले व शेजाऱ्याचे रांजण पाहून घ्यावेत.